एकोणतीस अंगठे

मोबाइल कंपन्यांनी एखाद-दुसरं ॲप फुकट द्यायचं आणि बाकीच्या इंटरनेटला कुंपण घालायचं, या लबाडीवर मी सणसणीत लेख लिहिला. एका वेबसाइटवर तो आला, तशी लिंक घरच्यांच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात एकोणतीस अंगठे! आपल्या घरात एवढी जागृती आहे, हे मला माहीतच नव्हतं.

पहिला अंगठा मोठ्या आत्याचा होता. मी फुशारून फोन लावला.

"आत्या, कुठला मुद्दा पटला गं?"

"मुद्दा कसला? अरे, ते उघडतंय कुठं! आमच्या पॅकमध्ये हा ग्रुप तेवढा फुकट चालतो. बाकी काही बघायचं तर वेगळे पैसे. सगळ्यांचं तेच आहे."

"मग अंगठा कशाला दिलास?"

"लिंकखाली तुझा फोटो दिसतो ना, त्याला दिला. पोट सुटलंय रे तुझं."

मी पेटून उठलो. आता गप्प बसायचं नाही, असं ठरवलं, तडक संपादकांना गाठलं आणि संध्याकाळच्या आत तो फोटो बदलून घेतला.