चौकातला हात

“भाजी फोडणीला टाकून रेसिपी बघायला यावं, तर हा मेला ब्राउझर मधेच अडकतो! रोज नाही हं, लहर लागेल तेव्हा.” कुंभोजकर काकूंनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. काका पलंगावर बसून होते.

मी साठलेली कॅश मेमरी रिकामी केली, नको ती एक्स्टेन्शन्स काढली, ब्राउझर अपडेट केला. तो सुतासारखा सरळ चालायला लागला. मग कोपऱ्यात पिन करून ठेवलेला एक टॅब दिसला. परदेशातला कुठलासा चौक आणि तिथल्या कॅमेऱ्यातून थेट येणारं चित्र.

“हे बघा दुखणं! हे चित्र सगळी मेमरी खातंय. एवढं बंद केलं की झालं.”

“ते ह्यांचं आहे,” काकूंचा आवाज एकदम खाली आला. “आमची मृदुला तिथूनच कामाला जाते ना.”

काका उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. चौकात पिवळा रेनकोट घातलेली एक बाई आली. तिनं कॅमेऱ्याकडे वर बघून हात केला, आणि ब्राउझर अडकला. हात तसाच वर राहिला.

“बघ, अडकला पुन्हा! मी काय सांगत होते?”

मी सवयीनं टॅब बंद करायला गेले. काकांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे, पोरी. नीट चालतो तेव्हा ती हात करते आणि लगेच निघून जाते. अडकला, की जरा वेळ थांबते.”