चाईवरचं तेल

पूर्णिमाच्या डोक्यात तेल जिरवता जिरवता मालुबाईची बोटं डाव्या कानाच्या वर आली आणि तिथंच थांबली. रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. कडेनं खपली, मधोमध ओलं.

"चाई पडलीया, आई," पूर्णिमा मान खाली घालून म्हणाली. "निपाणीचं पाणी जड हाय."

नरक चतुर्दशीची पहाट होती. उचगावात फटाक्यांना सुरुवात झाली होती. न्हाणीतल्या चुलीवर हंडा उकळत होता आणि बाहेर सोप्यात जावयासाठी पाट मांडून रांगोळी काढली होती. लेकीचा पहिलाच दिवाळसण. पाडव्याला सौरव तिला निपाणीला घेऊन जाणार होता.

मालुबाईचं तेल गावात नावाजलेलं. माका, जास्वंद आणि कढीपत्ता खोबरेलात मंद जाळावर कढवून ती बाटल्या भरायची आणि नेणाऱ्या प्रत्येक बाईला बजावायची, बाई, केसाला तेल चोपडू नकोस, मुळाशी जिरव. नखं लावू नकोस. कातडी बरी तर केस बरे. अशा बाईला चाई कळत नाही होय? चाईची जागा गुळगुळीत असते. तिच्यातून रक्त येत नाही.

आणि कळायला आणखी एक कारण होतं. तिच्या स्वतःच्या अंबाड्याखाली असाच एक चट्टा होता, वीस वर्षांचा जुना. तो नवऱ्याच्या, आण्णाप्पाच्या मुठीचा. पूर्णिमा सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, हे काय गं, आणि मालुबाईनं चाई म्हणून सांगून टाकलं होतं. मग ती पोर रोज संध्याकाळी कांदा किसून आईच्या डोक्याला रस चोळत बसायची. केस काही आले नाहीत. पुढं कधीतरी पोरीला खरं काय ते कळलंही असेल, पण आईनं शिकवलेला 'चाई' हा शब्द तिनं जपून ठेवला आणि सासरी नेला. मालुबाईला स्वतःचीच किळस आली.

कधीपासून, एवढंच तिनं विचारलं. दसऱ्यापासून, पूर्णिमा म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून तिनं सांगितलं, "त्यानं माझं केस कोयंड्यात आवळून दार लावून घेतलं हुतं, आई. रातभर. आता परत गेल्यावर काय करंल, ठावं न्हाय."

मालुबाईनं तिचे केस बांधले आणि तेलाची वाटी घेऊन ती सोप्यात आली.

सौरव उघड्या अंगानं पाटावर बसला होता. पहिल्या दिवाळीला जावयाच्या डोक्याला सासूनं तेल लावायचं, ही रीत. दारात आण्णाप्पा खांद्यावर टॉवेल टाकून आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. मालुबाईनं ओंजळभर तेल टाळूवर ओतलं आणि शांतपणे चोळायला घेतलं. पोराचे केस खरंच दाट होते.

"मामी, जाताना एक बाटली द्या," सौरव डोळे मिटून म्हणाला. "तुमच्या लेकीचं केस लई गळायल्यात. घरभर नुसतं केस."

मालुबाईची बोटं त्याच्या डाव्या कानाच्या वर आली. तीस वर्षं म्हशींच्या धारा काढलेली बोटं ती. त्यांची मूठ वळली. तिनं गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि मुंडी मागं ओढली. सौरव ओरडला. हात मागं टाकून तिचं मनगट धरायला गेला, पण तेलानं त्याची पकड निसटत होती. कपाळावरचं तेल ओघळून डोळ्यांत गेलं.

"दुखतंय व्हय, जावईबापू?"

अगं, वेड लागलं काय तुला, असं म्हणत आण्णाप्पा एक पाऊल पुढं आला. मालुबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं. तो होता तिथंच थांबला. मग तिनं मूठ पिळली आणि सगळं बळ लावून हिसका दिला. केस कातडीसकट निघाले. सौरव तोंडावर रांगोळीत पडला. कानामागून रक्त मानेवर उतरलं.

तो उठला तो हात उगारूनच. पण तेवढ्यात पूर्णिमा न्हाणीतून आली होती. उकळत्या पाण्याचा तांब्या पदरात धरून ती आईच्या पुढं उभी राहिली. तांब्यातून वाफ येत होती. सौरवनं तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि उगारलेला हात खाली घेतला.

"चाई पडंल आता तितं," मालुबाई म्हणाली. "कांद्याचा रस लावा. माझी लेक येणार न्हाय."

जावयानं सदरा कसाबसा अडकवला. जाता जाता तो शिव्या देत होता, कोर्टाचं काहीतरी बोलत होता. मग गाडी सुरू झाली आणि फटाक्यांच्या आवाजात तिचाही आवाज मिसळून गेला. आयुष्यात मालुबाईनं कुणावर हात उचलला नव्हता. मुठीतले केस तिनं चुलीत टाकले, हात धुतले आणि वाटीत नवं तेल ओतून कोमट करून घेतलं.

पूर्णिमानं पाट उचलून सरळ मांडला. त्यावरचं रक्त पुसलं. विस्कटलेल्या रांगोळीवरून पुन्हा बोटं फिरवली.

"आवं, बसा या," मालुबाई नवऱ्याला म्हणाली. "तेल गार व्हायलंय."

आण्णाप्पा उंबऱ्यावरच उभा राहिला, एक हात स्वतःच्या केसांवर ठेवून.