रामप्रसादची तपासणी

रामप्रसादचं पोट सुटलेलं, त्यात शुगर, बीपी आणि चरबीही वाढलेली. "असंच राहिलं तर हृदय दगा देईल," असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून दैवशालानं नवऱ्याचं पथ्य एक दिवस चुकू दिलं नाही. केदारखेड्याहून दर तीन महिन्यांनी ती त्याला तपासणीला आणायची. यंदा रामप्रसादचे सगळे रिपोर्ट चांगले आले. त्यानंतर आठच दिवसांनी, त्याच्यासाठी भाकरी थापता थापता, दैवशाला छातीला हात लावून कलंडली, ती उठलीच नाही.

"बाईंना कधी तपासलं होतं का?" जालन्याच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.



"न्हाई साहेब. पोट तर तिचंबी सुटलं होतं. चालताना दम लागायचा. दर वेळी माझ्यासंगं इथंच तर यायची. बाहेर बाकड्यावर बसून राह्यची."