गुडघ्यावरचा बाण

“कुठला गुडघा?” नर्सने विचारलं.

“सुजलेला. दिसत नाही का?”

“दिसतोय गं बाई. पण तुझ्याच तोंडून ऐकायचं असतं. नियम आहे आमचा.”

“उजवा.”

नर्सने जाड पेनाने उजव्या गुडघ्यावर बाण काढला आणि ती निघून गेली. एरवी भिंतीला हसू आलं असतं. फुटबॉलच्या गोलपुढे ती उभी राहिली की चेंडू आत जायचा नाही, म्हणून अख्खी टीम तिला भिंत म्हणायची. आता ही भिंत हिरवा गाऊन घालून पलंगावर पडली होती आणि पाण्याचा घोटही प्यायला बंदी होती.

आई उशाशी बसून तिची वेणी घालत होती.

“तुझ्या जिवलग मैत्रिणीचा काही फोन?”

“ब्लॉक केलंय तिला.”

“बरं केलंस.”

ती मैत्रीण म्हणजे बुटकी, टीमची राखीव गोलकीपर. सरावाच्या सामन्यात हौसेने पुढे खेळायला गेली आणि थेट भिंतीच्या गुडघ्यावर येऊन आदळली. कट्ट असा आवाज मैदानभर ऐकू गेला. बुटकी ढसाढसा रडली. भिंतच उलट तिची समजूत घालत होती, खेळात होतं गं असं.

खरं तर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्लबने भिंतीला नुकतंच निवडलं होतं. लहानपणापासून ती चिखलात लोळली ती याच एका गोष्टीसाठी. गुडघ्याचं कळल्यावर क्लबवाले म्हणाले, या महिन्यात ऑपरेशन उरकून घे, जागा राखून ठेवतो. उशीर झाला तर मात्र आमचा नाइलाज आहे.

आणि नशीब हात धुऊन मागे लागलं. पहिली तारीख मिळाली, तर आदल्या संध्याकाळी आई बाल्कनीतून फोन घेऊन आत आली. “डॉक्टर परगावी गेलेत म्हणे.” दुसऱ्या तारखेच्या वेळी ऑपरेशन थिएटरमधलं मशीन बिघडलं म्हणे. हॉस्पिटलमध्ये नंबर आईचाच दिलेला होता, कारण भिंतीचा फोन कायम बॅगेच्या तळाशी. भिंतीने चिडून उशी दारावर भिरकावली. आईने ती उचलली, तिच्या गुडघ्याखाली ठेवली, बर्फाची पिशवी बदलली.

“किती वर्षांनी आपण दोघी रोज एकत्र जेवतोय,” ती म्हणाली. “नाहीतर तू कायम कुठल्या ना कुठल्या शिबिराला. घर नुसतं खायला उठायचं.”

महिना संपला. परवा क्लबचा फोन आला. जागा दिली होती, आणि तीही बुटकीला.

“अस्तनीतला निखारा!” आई कडाडली. “जिने पाय मोडला, तिनेच जागा पटकावली.”

भिंत उशीत तोंड खुपसून रडली. एका डब्यात जेवलेली मैत्रीण अशी उलटावी! आणि नशिबाची थट्टा बघा, दुसऱ्याच दिवशी आईला तारीख मिळाली. कोणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं म्हणे.

“झालं गेलं सोड आता,” आईने वेणीला गाठ मारली. “पाय बरा होऊ दे. मग इथल्याच एखाद्या शाळेत पोरींना शिकव. मी आहे ना.”

“तूच आहेस आई.” भिंतीने तिचा हात घट्ट धरला. “बाकी सगळ्यांनी फसवलं मला.”

आईने तिच्या कपाळावर ओठ टेकवले.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आत आल्या. आई लगबगीने उठली. “मला विचारा काय ते. तिला काही ठाऊक नसतं.”

“आई, तुम्ही बसा हो निवांत.” डॉक्टरीणबाईंनी भिंतीची नाडी पाहिली, घसा पाहिला, कपाळाला हात लावला आणि त्या हसल्या.

“चला, आज ताप नाही. नाहीतर दोन्ही तारखांना आम्ही सगळं तयार ठेवून बसलेलो, आणि दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी तुझ्या आईचा रडत फोन, पोरगी तापाने फणफणलीय म्हणून!”