दारापेक्षा रुंद

सागाच्या चार फळ्या. पायलच्या वकिलाची नोटीस. आज टोचायचे इवलेसे कान.

पायल लेकीला घेऊन सराफ्यात जाते असं सांगून गेली होती, आणि त्या परतायच्या आत अश्वजीतला लेकीचा पलंग उभा करायचा होता. मदतीला आलेला दिवाकर दुपारपासून त्याच्या शिव्या खात होता.

"नीट धर बे! जेवून नाही आला काय?"

"पण एवढा रुंद काहून? दारातून निघणार नाही हा."

"म्हणूनच तर! पोरगी महिनाभर पलंग-पलंग करून राहिली. आता याला सोडून हलते का ते पाहतो. पायलला म्हणा, जा एकटीच माहेरी."

दिवाकरने फळी आणखी घट्ट धरली.



मायलेकींना सकाळी पायलच्या माहेरी, पाटनला जाणाऱ्या बसमध्ये दिवाकरनेच बसवून दिलं होतं.