काकडं राहिली

दुपारी बाजार विरळ झाला. झुंबरबाई पाटी झटकायला उठली आणि तिच्या ओच्यातून काकडं घरंगळली. हिरवी, गोल, बोराएवढी. मूठभर तरी होती.

ती तशीच उभी राहिली.

शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडं द्यायची, हा भाजे गावच्या बायकांचा शिरस्ता. पावसाळी भाजी नि झाडाचं फळ, दोन्ही रानातलीच. काकडाचा आंबट रस पडला नाही तर शेवळं घशाला खाजतात, एखाद्याचा घसा सुजतोही. शेवटच्या दोन जुड्या तासाभरापूर्वी एका चष्मेवाल्या पोरीनं नेल्या होत्या.

"नथू, माझी पाटी बघ. मी जाऊन येते."

शेजारी वडिवळ्याचा नथू तोंडली विकत होता. "कुटं?"

"त्या पोरीला काकडं द्यायची राहिली."

"तिला म्हायती असंल की."

"काय म्हायती? हे फूल हाय का, म्हणून इचारत हुती. सगळं शिकवलं तिला. वरचं पान काढ, खालचा पिवळा भाग टाकून दे, बारीक चीर. मदीच कुणीतरी करटोली मागितली, नि ऱ्हायलं."

"आता जाऊन सांगशील, तर उद्या कोण घेईल तुझी शेवळं?" नथू हसला. "गप बस. शहरातली माणसं, शिजवायच्या आदी मोबाइलात बघत्यात."

झुंबरबाई बसली. काकडं गोळा केली. पुन्हा उठली. भाजी घेताना ती पोर बोलली होती ते तिच्या कानातून जाईना. "सासऱ्यांनी मागितलीत, मावशी. सासूबाई गेल्यापासून महिना झाला, ताट नुसतं पुढं सरकवतात. आज आपणहून म्हणाले, शेवळं आली असतील."

"पाण्याच्या टाकीमागं ऱ्हाते म्हणाली," एवढंच ती नथूला म्हणाली आणि चालू लागली. चालता चालता पळू लागली.

टाकीमागं एक नाही, तीन इमारती होत्या. पहिल्या फाटकावरच्या रखवालदारानं काठी आडवी केली. "फेरीवाल्यांना आत मनाई आहे."

"मी इकायला न्हाई आले, दादा. चष्मेवाली सून, तिचा सासरा जेवत न्हाई..."

"नाव काय? फ्लॅट नंबर?"

नाव तिनं विचारलंच नव्हतं. ती मागं सरली, तिन्ही इमारती दिसतील अशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि रानात हाळी घालतात तशी ओरडली, "शेवळं नेलेल्या पोरी! खाऊ नगंस! कुणालाबी खाऊ घालू नगंस!"

खिडक्या उघडल्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी "गप गं बाई" म्हणालं. ती ओरडतच राहिली. मधल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई कठड्याशी आली. चष्मा होता. हातात पळी होती.

"मावशी? काय झालं?"

"वाढलीस का?"

"आता वाढतेय."

"थांब तितंच!"

रखवालदारानं काठी बाजूला घेतली.

दार त्या पोरीनंच, चैतालीनं, उघडलं. स्वयंपाकघरात भाजीचा वास भरला होता. टेबलाशी तिचे सासरे अंबाजी बसले होते, रिकाम्या ताटावर हात ठेवून.

"तू चाखलीस?" झुंबरबाईनं विचारलं.

"मिठाला बघितली. जीभ चुरचुरतेय. मला वाटलं, मिरची जास्त पडली."

"मिरची न्हाई ती. माजी चूक हाय." झुंबरबाईनं एक काकड तिच्या तोंडात घातलं. "चाव. आंबट लागलं तरी थुकू नगं."

चैतालीचं तोंड वाकडं झालं, मग लाल. "मावशी, आबांनी खाल्लं असतं म्हणजे? अशा कशा विसरलात तुम्ही?"

झुंबरबाईनं खलबत्ता मागितला. काकडं ठेचली, पाण्यात कोळली, फडक्यातून रस गाळून कढईत ओतला आणि गॅस मोठा केला. भाजी रटरटू लागली. चैताली ओट्याशी, झुंबरबाई शेगडीशी; दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. अंबाजींनी ताट एकदा इकडं सरकवलं, एकदा तिकडं.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई."

"आता?"

"दम धरा, आबा."

रस आटला तेव्हा झुंबरबाईनं टोपलीतली भाकरी उचलली, भाजी तिच्यावर घेतली आणि फरशीवर मांडी घातली.

"हे काय?" चैताली म्हणाली.

"आमच्यात जिच्या हातची शेवळं, ती आदी खाती. बाकीच्यांनी थांबायचं."

तिनं घास घेतला. चावला. गिळला. गळ्यावर हात ठेवून बसली. चैताली तिच्या तोंडाकडं बघत राहिली. अंबाजीही खुर्चीतून पुढं वाकले. खाली रखवालदार कुणाशी तरी तिच्याबद्दल बोलत होता, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"खाजतंय का?" अंबाजींनी विचारलं.

"थांबा म्हणलं ना."

"किती?"

गळ्यावरचा हात झुंबरबाईनं खाली घेतला आणि दुसरा घास मोडला. मग तिसरा. चांगला मोठा.

"अवो बाई," अंबाजी टेबलावर हात आपटून म्हणाले, "सगळी भाकरी तुमीच संपवता का काय? मी हितं कवाधरनं बसलोय!"

टोपलीत दुसरी भाकरी नव्हती. महिनाभर चैताली आपल्यापुरती एकच करत होती; आजही सवयीनं एकच केली होती.

तिनं चष्मा पदराला पुसला, पिठाचा डबा खाली ओढला आणि परातीत पीठ काढू लागली. एक मूठ, दुसरी, तिसरी.