खोलीतलं खोलीत

“कालिंदीला स्वतःलाच उपचारांची गरज आहे, सर,” लीना म्हणाली. टेबलामागच्या तिन्ही प्राध्यापकांना नीट समजावं म्हणून ती इंग्रजीत बोलत होती. “मागच्या वर्षी हावड्याच्या बोटीतून उडी टाकायचं तिच्या मनात आलं होतं. अजूनही ती आईच्या झोपेच्या गोळ्या चोरून घेते. अशा मुलीला विद्यार्थी-प्रमुख करणं धोक्याचं आहे.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कालिंदीच्या पायाखालची जमीन सरकली. बोट, उडी, आईच्या गोळ्या. एकेक शब्द तिचाच होता. तिने तो मराठीत सांगितला होता, रडत, अडखळत. लीनाने त्याचं स्वच्छ इंग्रजी केलं होतं.

त्या वर्षी कलकत्त्यात परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या जात होत्या, रस्त्यावर बॉम्ब फुटत होते आणि हॉस्टेलमधली मुलं छताकडे बघत पडून राहत होती. मानसशास्त्राच्या सान्याल सरांनी जिन्याखालची अडगळीची खोली मागून घेतली. तिथे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांचं ऐकून घ्यायचं, असं ठरलं. खोली झाडण्यापासून ते बुजऱ्या मुलांना हाताला धरून आणण्यापर्यंत सगळं कालिंदीने केलं. आता या कामाला विद्यापीठाची मान्यता मिळणार होती आणि त्यासाठी एक विद्यार्थी-प्रमुख नेमायचा होता. त्यासाठी लीनाचंही नाव पुढे आलं होतं, पण ते पद कालिंदीला हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

सरांचे नियम दोनच. जो ऐकायला बसणार, त्याने आधी जोडीदारापुढे स्वतः मोकळं व्हायचं. आणि खोलीतलं खोलीतच राहायचं.

लीनाचे वडील बँकेत. बदली होऊन हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलं. कालिंदीचं घर मात्र तीन पिढ्या इथलंच. तिला मराठीपेक्षा बंगालीच बरं येई. पण परमुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटलं की आपण त्याला निम्मा नातेवाईक करून टाकतो. कालिंदीने तेच केलं. खोलीची भिंत प्लायवूडची. पलीकडून कोणी कान लावला तरी मराठी कोणाला कळणार, म्हणून दोघींनी एकमेकींची जोडी मागून घेतली. बाकीची मुलं आवाज दाबून बोलत. कालिंदी मोठ्याने रडली. घराबाहेर मराठीत रडायला मिळालं याचंच तिला अप्रूप! लीना तिच्या केसांवरून हात फिरवत बसली होती. केसाने गळा कापणारी माणसं आधी केसांवरून हात फिरवतात, हे त्या भाबडीला कोणी शिकवलं नव्हतं.

सान्याल सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना हा प्रकार आवडलेला दिसत नव्हता, पण बाकीचे दोघे माना हलवत होते.

“हे खरं आहे, कालिंदी?”

“खरं आहे, सर.”

आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. पद जाईल तर जाईल, पण या बयेच्या झिंज्या उपटाव्यात, असं तिला वाटत होतं.

“लीनाचं ऐकून घ्यायला तूच बसली होतीस ना?” टेबलामागच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं. “मग तिचंही आम्हाला कळू दे. काय बोलली होती ती?”

लीना पायावर पाय टाकून निवांत बसली होती. कालिंदीला ती दुपार लख्ख आठवली.

“ते मला सांगता येणार नाही. खोलीतलं खोलीतच राहतं, असा आपला नियम आहे.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनी मिळून लीनाकडे पाहिलं. दुसरीचं सगळं ओकून टाकणाऱ्या या मुलीचं स्वतःचं एवढं काय असेल, की जिचा तिने घात केला ती मैत्रीणसुद्धा ते बोलायला धजत नाही?

“मी तिला काहीच सांगितलं नव्हतं!” लीना घाईघाईने इंग्रजीत म्हणाली.

“असं सगळेच म्हणतात,” बाई शांतपणे म्हणाल्या.

लीनाच्या तोंडचं पाणी पळालं. ती कालिंदीकडे वळली आणि तिचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं.

“अगं, सांग ना त्यांना! मी एक अक्षर बोलले नव्हते गं. नुसत्या गप्पा मारल्या होत्या. तुझ्या पाया पडते कालिंदी, सांग ना!”

खरंच होतं ते. मला मेलीला कसलं आलंय दुःख, असं म्हणून लीना त्या दुपारी सगळा वेळ मावसबहिणीच्या लग्नातल्या शालूंबद्दल बोलली होती. एका वाक्याचं काम होतं. कालिंदीने ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा.

“काय म्हणते आहे ती?” सान्याल सरांनी विचारलं.

कालिंदीने लीनाकडे पाहिलं, मग सरांकडे.

“खोलीतलं आहे, सर.”